मोकळी जागा
नव्या डिस्कची चंदेरी पिशवी फाडली की येणाऱ्या प्लास्टिकच्या वासानं मला वसईतला तो फोटो स्टुडिओ आठवतो. लग्नसराईत सगळे फोटो ज्यावर होते तो लिनक्स सर्व्हर गच्च भरला, तेव्हा स्टुडिओवाल्या काकांनी फोन केला होता. मला आळस. म्हटलं, "तोवर जुनी लग्नं उडवा, मी रविवारी येतो." रविवारी गेलो आणि मशीन चालूच ठेवून चहा निवायच्या आत नवी डिस्क जोडली. काका खूश. तेवढ्यात जवळच्या गिरीज गावचे एक म्हातारबाबा दारात आले. "पोरीच्या लग्नात आमच्या म्हातारीचा एकटीचा फोटो काढलेला तुम्ही, लाल लुगड्यातला. अल्बमात नाही घेतला तो. ती गेली हो. महिन्याच्या मिस्सेला चर्चमध्ये लावायचाय." काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाबा, माझ्याच हातून पुसला गेला परवा. जागा नव्हती." म्हातारबाबा मान हलवत उन्हात निघून गेले. पडद्यावर मोकळ्या जागेचा आकडा तसाच झळकत होता. आजही डिस्क जोडून झाली की तो आकडा येतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "वा, केवढी जागा झाली!"