लाल शाईची पत्रिका

मी वाचायला शिकले ती चुकलेल्या पत्रकांवर. अण्णा, म्हणजे माझे वडील, नाशकातल्या एका छापखान्यात यंत्रावर कामाला होते. छपाईत जे कागद वाकडे लागत किंवा डागाळत, ते संध्याकाळी घरी आणत. परदेशी कापड जाळा, दारू सोडा, मजुरांनो एक व्हा, मुलींना शाळेत घाला. माझी थोरली बहीण, ताई, त्या कागदांच्या पिशव्या करायची आणि मी पिशव्यांवरचं वाचत बसायचे. डाळ संपली की पिशवी उसवून आतली बाजू वाचायचे. माझ्या सगळ्या मतांना तुरीच्या डाळीचा वास आहे.

त्या पत्रकांत 'हात' हा शब्द पुष्कळदा यायचा. राबणारे हात, उठलेले हात, आवळलेल्या मुठी. हाताला कातडी असते, हे मात्र कुठल्याही पत्रकात लिहिलेलं मला सापडलं नाही.

अण्णांचं काम यंत्र चालवायचं आणि छापून झालं की धुवायचं. शिशाचे खिळे जुळवून लोखंडी चौकटीत आवळलेलं पान म्हणजे फर्मा. त्यावर शाई वाळली की अक्षरं भरून येतात, म्हणून प्रत्येक फर्मा कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने घासायचा. घमेल्यात ते पाणी, पाण्यात फडकं, आणि फडक्यामागे बोटं. काम संपलं की हाताची शाई काढायला घासलेट. घासलेटचा वास जावा म्हणून विटकरीचा भुगा. इतकं करून नखांत काळं राहिलंच, तर पुन्हा त्याच घमेल्यात हात. छापखान्यातले सगळेच असे हात धूत. घरी जाताना हात गोरा दिसला पाहिजे, ही तिथली अब्रू होती.

अण्णांच्या बोटांच्या बेचक्यांत आधी लाली आली. मग बारीक पाण्याचे फोड. मग कातडी जाड होऊन सांध्यासांध्यावर चिरत गेली. जेवताना आमटीचं तिखट चिरेत गेलं की ते डोळे मिटून घेत आणि म्हणत, "आज आमटी झकास झालीये." आईला ते कळत होतं. ती दूधभात कालवून चमचा पुढे ठेवायला लागली. गंधकाचं मलम झालं, कडुलिंबाचं पाणी झालं, रामकुंडावर बुड्या मारून झाल्या. मलमाने तर आग जास्तच व्हायची.

आमच्या आळीत लग्नाचे बुंदीचे लाडू आळीतली माणसंच वळत. आचारी बुंदी पाकात टाकून मोकळा व्हायचा. ती कोमट आहे तोवरच लाडू बसतो, त्यामुळे सगळ्यांची धांदल उडायची. अण्णा मधोमध मांडी घालून बसत आणि गप्पा मारता मारता एकसारखे लाडू परातीत ठेवत जात. लोक म्हणत, "अण्णांच्या मुठीत साचा आहे." छापखान्यातल्या माणसाला याहून गोड शाबासकी कुठली? वर्षभर ते दुसऱ्याचे शब्द छापत. लाडू तेवढे त्यांचे स्वतःचे होते.

हात असे चिरले त्या वर्षी मार्गशीर्षात समोरच्या घरी लग्न निघालं. अण्णा बाह्या सारून कढईपाशी बसायला गेले, तर समोरचे काका म्हणाले, "अण्णा, आज तुम्ही पत्रावळींकडे बघा."

"पत्रावळी पोरं बघतील की."

"नाही, तिथे विश्वासाचं माणूस पाहिजे."

कोणी हसलं नाही. बसलेल्यांपैकी एकाने परात स्वतःकडे ओढून घेतली, बस्स एवढंच. दुसऱ्या दिवशी नळावर एक बाई आईला म्हणाली, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण बोटं बघितलीत का त्यांची? महारोग असाच चालू होतो म्हणतात."

आईने ते अण्णांना सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. पण परात ओढण्याचा अण्णांनी बोलून दाखवलेला अर्थ वेगळाच होता. "चिरांत शाई राहते," ते म्हणाले, "माणसांना किळस येणारच." आणि अंगणात बसून ते विटकरीने हात घासायला लागले. रोज. रक्त यायचं तरी घासत. जो उपाय त्यांना खात होता, तोच ते जोराने करत होते.

पौषानंतर ताईचं लग्न ठरलं. नांदगावकडचं स्थळ, मुहूर्त वैशाखातला. बैठक उठल्यावर अण्णा एकच बोलले, "पोरीच्या लग्नाचे लाडू मी वळणार. माझ्या दारात मला कोण उठवतो ते बघू." त्या दिवसापासून आमच्या घरात लग्नाची तयारी म्हणजे हातांची तयारी झाली. ताई त्यांचे हात रोज उजेडात धरून बघायची. नवरा मुलगासुद्धा तिने इतका निरखून बघितला नव्हता, असं आई म्हणायची.

बैठकीसाठी मामा आले होते. ते इगतपुरीला रेल्वेच्या शेडमध्ये होते. अण्णांचे हात बघून म्हणाले, "दाजी, आमच्या फिटरांचे हात असेच होतात. चला आमच्या डॉक्टरकडे." मी बरोबर गेले, कारण अण्णा दवाखान्यात सगळ्याला 'बरं बरं' म्हणतात आणि दाराबाहेर पडताच विसरतात, असं आईचं मत.

डॉक्टर वयस्क होते, तिरसट वाटले. "डोळे मिटा. टोचलं की सांगा," म्हणाले आणि टाचणी घेतली.

"आई गं!" अण्णा ओरडले.

"कुठे?"

"करंगळीला. अहो, परत कशाला टोचता?"

"दुखलं ना? मग पेढे वाटा. तुमची आळी ज्या रोगाला भितेय त्यात कातडी बधिर होते. तुमच्या कातडीला जरा जास्तच कळतंय."

मग त्यांनी हात कसे धुता ते विचारलं. अण्णांनी अभिमानाने सगळं सांगितलं, घासलेट, विटकर, घमेलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "हे शाईने झालेलं नाही, बाबा. शाई काढण्याने झालंय. सोडा शाईला खातो तसा कातडीलाही खातो. फर्मा लांब दांड्याच्या ब्रशने घासा. मग त्याच्यावर भरपूर साधं पाणी ओता आणि मगच हात लावा. हाताची शाई गोडं तेल लावून फडक्याने पुसायची, मग साधा साबण, कोमट पाणी. बोटांच्या मधे कोरडं करायचं. झोपताना तेल. घासलेट दिव्यात घाला." अण्णांच्या बोटातली चांदीची अंगठी त्यांनी काढायला लावली, तिच्याखाली ओल राहत होती आणि कातडी पांढरी पडली होती.

येताना गाडीत अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले होते. एका स्टेशनात गाडी थांबून चाकांचा आवाज बंद पडला तेव्हा मला ऐकू आलं, ते रडत होते. महारोगाची भीती त्यांनीही इतके दिवस एकट्याने बाळगली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर छापखान्यात गेले. मालक खादी घालत, सभांना अध्यक्ष होत. मी म्हटलं, "लांब दांड्याचा ब्रश पाहिजे, घमेल्याशेजारी साध्या पाण्याची बादली, आणि हात धुवायला साबण."

मालक अण्णांकडे बघून म्हणाले, "ही धाकटी का? बोलते छान. सभेत पाठवत जा."

"सभेत जातेच मी. आज इथे आले."

"साबण, बादली. अत्तर नको का?"

"अत्तर नको. 'कष्टकऱ्याचा देह हीच देशाची संपत्ती' असं पत्रक तुम्हीच छापलंत. आमच्या घरी त्यात सध्या डाळ आहे."

खिळे जुळवणारे खाली माना घालून हसले. मालकही हसले. "पोरी, मी पत्रकं छापतो. लिहीत नाही."

हे वाक्य मी विसरलेले नाही. तरी त्यांनी ब्रश दिला, बादली दिली. साबण आम्ही घरून नेला. तेलाला मात्र साफ नकार. तेलकट बोट कागदावर उमटलं तर गिऱ्हाईक परत करेल, म्हणाले. म्हणून मग छापखान्यात कोरडं फडकं आणि साबण, तेल घरी आल्यावर, असं ठरलं. सोबत्यांनी पहिले काही दिवस अण्णांची चेष्टा केली. "काय राव, हात धुताय की नवरीला न्हाऊ घालताय?" पुढे त्यांच्यातलेच एकदोघे आमच्या साबणाचा तुकडा मागायला लागले.

हात भरून यायला लागले. होळीला अण्णांनी चमचा बाजूला ठेवला आणि कटाची आमटी बोटांनी भुरकली. डोळे उघडे ठेवून. आईने तो चमचा धुऊन फडताळात ठेवून दिला.

मग चैत्र लागला आणि लग्नपत्रिकांचं काम आलं. पत्रिका लाल शाईत निघायच्या. काळ्या छपाईनंतर लाल लावायची तर रूळ, शाईची पाटी, फर्मा, सगळं निर्मळ धुवावं लागतं. काळ्याचा अंश राहिला तर लाल काळवंडतं. पत्रकाला ते चालून जातं. पत्रिकेला चालत नाही. कुंकवात काळं आलं म्हणजे अपशकुन. 'आमच्याकडील पत्रिका कुंकवासारखी' अशी पाटीच मालकांनी दारावर लावली होती. अण्णांनी त्या चैत्रात कितीतरी पत्रिका ब्रशने धुतलेल्या फर्म्यांवर काढल्या. कुणाची तक्रार आली नाही.

ताईची पत्रिका त्यांनी स्वतः काढायला घेतली. पुढचं मला त्यांच्या यंत्रावरच्या सोबत्याने सांगितलं. पहिला कागद निघाला. ताईच्या नावापाशी काळपट छटा आहे, असं अण्णा म्हणाले. सोबत्याला काही दिसलं नाही. अण्णांनी फर्मा ब्रशने पुन्हा धुतला. छटा आहेच, म्हणाले. ब्रशचे केस अक्षरांच्या कोपऱ्यात जात नाहीत, म्हणाले. मग त्यांनी ब्रश खाली ठेवला, फडकं घमेल्यात बुडवलं आणि बोटांनी घासायला लागले. कागद काढायचा, उजेडात धरायचा, मान हलवायची, पुन्हा घमेल्यात हात. सोबती म्हणाला, "अहो, त्या डॉक्टरला काय तोंड दाखवाल?" अण्णांनी ऐकलं नाही. रूळही त्यांनी घासलेटने उघड्या हातांनीच पुसला.

संध्याकाळी पत्रिकांचा गठ्ठा घेऊन तो सोबतीच घरापर्यंत आला, कारण अण्णांना सुतळी धरवत नव्हती.

"बघ तरी," अण्णा आईला म्हणाले, "कशी आलीये."

ताईने पत्रिकेकडे बघितलंच नाही. तिने त्यांचे हात बघितले.

मी भडकले. "डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"एकदाच गं."

"एकदा तरी का?"

"पोरीची पत्रिका एकदाच निघते."

मालकांवर ओरडायला मी तयार होते, भाषण मनात तयार होतं. पण त्या दिवशी अण्णांना कोणी भाग पाडलं नव्हतं. भाग पाडलं होतं ते त्या लाल रंगाने, आणि अपशकुनाच्या भीतीने, जी त्यांनी स्वतः हजारो पत्रिकांबरोबर छापली होती.

वैशाखापर्यंत हात बरे झाले नाहीत. उलट सुजले, लस यायला लागली. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आचाऱ्याने बुंदी उतरवली. आळीतली माणसं परातीभोवती बसली. मधली जागा मोकळी होती. घर अण्णांचं, त्यामुळे त्यांना नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. टाचणीची गोष्ट मी आळीत घरोघर सांगितली होती. काहींना पटली होती, काहींना नव्हती. अण्णा आले, हातांना जुन्या धोतराची फडकी गुंडाळलेली. कढईकडे बघत उभे राहिले. बुंदी निवत चालली होती.

"तू बस," ते मला म्हणाले.

समोरचे काका चुळबुळले. "अण्णा, पोरीला जमेल का एवढं?"

"माझा हात नको होता ना तुम्हाला? हाही माझाच आहे. जरा धाकटा."

काकांनी मान खाली घातली आणि सरकून जागा दिली. मी वळायला लागले. अण्णा माझ्या मागे उभे. "दाबू नको, फिरव. अंगठा आत घे. घाई कर, पाक धरतोय." माझे लाडू लहानमोठे झाले. काही फुटले. फुटलेले ते आपल्या फडक्यावर झेलत होते. त्यांच्या मुठीतला साचा माझ्या मुठीत नव्हता, आणि आता तो कुणाच्याच मुठीत राहिला नव्हता. कोणी नावं ठेवली नाहीत. पंगतीत सगळ्यांनी लाडू खाल्ले.

पाठवणीच्या वेळी ताई पाया पडली. अण्णांनी हात उचलले, पण तिच्या डोक्यापासून थोडे वरच धरले. शालूला तेल लागेल, म्हणाले. ताईने ते दोन्ही हात धरून स्वतःच्या डोक्यावर घट्ट ठेवले. अण्णांनी डोळे मिटून घेतले. आमटीच्या वेळी मिटायचे तसे.

पुढच्या वर्षी त्यांना यंत्रावरून काढून कागदाच्या घड्या घालायला बसवलं. कोऱ्या कागदाच्या कडेनेही त्या कातडीला चिरा पडत. मग तेही सुटलं. हात धुण्याबद्दल मी एक पत्रक लिहिलं: ब्रश, पाणी, साबण, तेल, आणि शाईला लाजू नका. मालकांनी ते छापलं. घमेल्यावरच्या भिंतीला ते चिकटवलेलं आहे. यंत्रावर आता दुसरा माणूस आहे, त्याची मुलगी लहान आहे. मी अधूनमधून जाते आणि त्याचे हात बघते. अजून चांगले आहेत.

ताईच्या लग्नाची एक पत्रिका माझ्यापाशी आहे. कधीतरी ती खिडकीशी नेऊन तिच्या नावापाशी ती काळपट छटा शोधते. मला अजून सापडलेली नाही.