चिठ्ठीत निघालेली बाजू

आमच्या मंडळाच्या वादविवाद स्पर्धेत वादाला सक्त मनाई होती. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहणारी मराठी माणसं ती. कुणी रेल्वेत, कुणी ऑडिटमध्ये, कुणी कुठल्याशा मंत्रालयात. जन्मभर 'आदेशासाठी सादर' लिहून लिहून स्वतःचं मत असतं हेच विसरलेली. गणपतीत दरवर्षी स्पर्धा व्हायची आणि विषय असायचा 'विज्ञान: शाप की वरदान'. पुढच्या वर्षी 'दूरदर्शन: शाप की वरदान'. शाप आणि वरदान यांच्यापलीकडे जगात तिसरं काही नव्हतंच.

त्यातही धोका नको म्हणून बाजू चिठ्ठीवर ठरायची. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, जी निघेल ती बाजू मांडायची. उद्या कुणी विचारलंच, तर हे माझं मत नाही, चिठ्ठीचं आहे, असं म्हणायला सगळे मोकळे. सरकारी डोकं ते. आधी पळवाट बांधणार, मग घर.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा या कारभाराला एका बाईंनी सुरुंग लावला. करोल बागेत राहणाऱ्या, कित्येक वर्षं दिल्लीकर झालेल्या, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. स्पर्धेच्या अध्यक्ष दरवर्षी त्याच. त्यांनी आमच्या सचिवांना निरोप धाडला, की यंदा खरा विषय असेल तरच मी येईन, शाप-वरदान ऐकून माझे कान किटलेत. बाईंना नाही म्हणायची सचिवांची प्राज्ञा नव्हती. दिल्लीत तेव्हा आरक्षणावरून रस्ते पेटले होते. बस बंद, कॉलेजं बंद. मुलं चौकात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट पॉलिश करून दाखवत होती, आता आमच्या नशिबी हेच, म्हणून. ज्यांच्या पिढ्या त्या कामात गेल्या त्यांना हे पाहून काय वाटत असेल, हा विचार एकाच्याही डोक्याला शिवला नव्हता. मला इतका संताप यायचा की मी त्या चौकातून जाणंच सोडलं. तर सचिवांनी विषय जाहीर केला: 'नोकरीतील आरक्षण बंद व्हावे.' मी डब्यात हात घातला. चिठ्ठीवर होतं, ठरावाच्या बाजूने.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा कॉलनीत कुणालाच ठाऊक नव्हती. आम्ही बौद्ध. आई-बाबा नागपूरकडचे, दोघंही जुन्या जातीच्या दाखल्यावर, राखीव जागेवर केंद्र सरकारच्या नोकरीत लागलेले. आडनावावरून काही कळायचं नाही आणि आम्ही कळू देत नव्हतो. आतल्या खोलीत निळ्या कोटातला फोटो होता. पाहुणे आले की त्या खोलीचं दार लोटलं जायचं. शेजारणी विचारायच्या, तुमच्याकडे गणपती नाही बसवत? आई म्हणायची, "आमचा गावी असतो." हा सगळा बंदोबस्त बाबांचा. ते भित्रे नव्हते. पण त्यांच्या पहिल्या ऑफिसात पाण्याच्या माठापाशी त्यांच्यासाठी वेगळा पेला ठेवला गेला होता. लेकीच्या वाट्याला तसला पेला येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

"मी नाव काढून घेते," मी घरी येऊन म्हटलं.

"बिल्कुल," बाबा म्हणाले. "ताप आलाय म्हणून सांगू."

आई भेंडी चिरत होती. तिनं सुरीही थांबवली नाही. "ताप कशाला? चिठ्ठी निघाली ना? मग बोल."

"अगं आई, मी आपल्याच विरुद्ध बोलू?"

"बोल की. मी ऑफिसात रोज ऐकते. लंचला डबे उघडले की हेच सुरू होतं. इतकं पोकळ बोलतात ते लोक, की मला वाटतं, द्या इकडे, मीच नीट मांडून देते."

आणि तिनं खरंच मांडून दिलं. आठवडाभर स्वयंपाक करता करता ती मला आमच्याच विरुद्धचे मुद्दे शिकवत होती. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडता आलं पाहिजे, मगच त्याला पाडण्यात मजा, असं तिचं म्हणणं. मी कच्चं बोलले की ओलाच हात माझ्या डोक्यावर मारायची. बाबा वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "हळू. भिंती पातळ आहेत." मला तिचा रागही यायचा आणि तिच्यापुढे काही चालायचंही नाही.

स्पर्धेच्या संध्याकाळी हॉल कधी नव्हे तो भरला. शाप-वरदानाला जे पेंगायला यायचे ते आज खुर्च्या पुढे ओढून बसले होते. मी उभी राहिले आणि आईनं शिकवलेलं सगळं ओतलं. गुणवत्तेचं बोलले. गरिबी जात बघून येत नाही, हे बोलले. शेवटी ठेवणीतला मुद्दा काढला: आरक्षण माणसाच्या पाठीवर कायमचा शिक्का मारतं, तो कितीही चांगलं काम करो, लोक म्हणतात, हा कोट्यातला. शिक्का पुसायचा असेल तर कोटा काढा.

टाळ्या थांबेचनात. सचिव तर स्टेजवर धावत आले. "शाब्बास! आपल्या मुलांचं दुःख मांडलंस बघ!"

त्या 'आपल्या'त आम्ही नव्हतो. हे त्या हॉलमध्ये आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

विरुद्ध बाजूची चिठ्ठी सचिवांच्या मुलाला निघाली होती. तो बिचारा उठला आणि शिक्षा भोगावी तसा बोलायला लागला. सरकारनं काहीतरी विचार करूनच केलं असेल, म्हणाला. गरिबांवर दया केली पाहिजे, म्हणाला. मग कागद उलटा धरला, लोक हसले, तोही हसला आणि खाली बसला. जी बाजू आमच्या घराचं सगळं आयुष्य होती, ती अशी दोन मिनिटांत दयेच्या झोळीत पडली. आईनं शिकवलं तसं मी बोलले होते, पण तिकडून लढायलाच कुणी नव्हतं. मला रडू येईलसं वाटलं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "सभागृहातून काही प्रश्न?"

दरवर्षी या वाक्यानंतर लोक चप्पल शोधायला लागायचे. त्या दिवशी माझी आई उभी राहिली. बाबांनी तिचा पदर खालून ओढलेला मी स्टेजवरून पाहिला. तिनं तो सोडवून घेतला आणि कमरेला खोचला.

"माझा प्रश्न या वक्त्यांना आहे," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली. "आधी माझी ओळख सांगते. मी बौद्ध आहे. राखीव जागेवर नोकरीला लागले."

सचिव घाईनं म्हणाले, "वहिनी, पर्सनल कशाला? अहो, ही नुसती स्पर्धा आहे."

"ओळखीशिवाय माझा प्रश्न अर्धा राहतो," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. "वक्त्या म्हणाल्या, आरक्षणानं शिक्का बसतो. मी तुमच्यात इतकी वर्षं राहते. तुम्ही माझ्या हातचं जेवलात. माझ्या फायली वरपर्यंत जातात आणि दुरुस्तीशिवाय परत येतात. कुणाला शिक्का दिसला नाही, कारण मी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. काम तेच, हात तेच. पण या क्षणी तुमच्यातल्या काहींची नजर बदलली, ती मला इथून दिसतेय. मग शिक्का मारतं कोण, कोटा की नजर? उद्या कोटा काढलात तर नजर कोण काढणार? एवढं वक्त्यांनी सांगावं."

ती बसली. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की पोरगी आता रडणार, नाहीतर माफी मागणार. मी आईकडे पाहिलं. ती भुवई उडवून बसली होती, घरी मी मुद्दा विसरले की बसायची अगदी तशी. तेव्हा मला कळलं की मी ढिली पडले तर ती हरली. लोक म्हणतील, लेकीनं आईला सांभाळून घेतलं. दयेनं मिळालेला विजय तिला नको होता.

मी माईक हातात घेतला. "प्रश्न विचारणाऱ्या बाई माझ्या आई आहेत. म्हणजे त्या जे आहेत, तेच मी आहे. आता त्यांच्या मुद्द्याकडे येते."

हे बोलले आणि अंगावरून काहीतरी मोठं ओझं उतरलं. पुढे मी काय वाट्टेल ते बोलू शकले असते. "नजर कोट्यानं जात नाही, हे बाईंनी स्वतःच सिद्ध केलं," मी म्हटलं. "नोकरी मिळाली, क्वार्टर मिळालं, तरी इतकी वर्षं त्या गप्प होत्या. नजर बदलते ती तोंडावर बोलल्यानं. ते त्या आज बोलल्या. उभं राहून बोलायला त्यांना कोटा लागला नाही!"

हॉलमधून 'वाह!' आलं. खुद्द आईनंही मान डोलावली. आणि बसल्या जागेवरून, परवानगी वगैरे न मागता, म्हणाली, "बोलायला इथवर यावं लागतं, बाळा. मी इथवर आले कशी?"

मी तोंड उघडलं आणि हसायला लागले. एवढं सुंदर हरणं मला पुन्हा आयुष्यात जमलेलं नाही. अध्यक्षबाई घंटी बडवत होत्या, "थेट संवाद नको, थेट संवाद नको," आणि स्वतःच खुर्चीत मागे रेलून हसत होत्या. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. आजही ते आठवलं की अंगावर मूठभर मांस चढतं.

तेवढ्यात चौथ्या रांगेत आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या. शांत बाई, अमरावतीकडच्या. जिन्यात भेटल्या की हवापाण्यापलीकडे बोलायच्या नाहीत. "माझा प्रश्न नाही," त्या म्हणाल्या. "मला फक्त सांगायचंय, की आम्हीपण."

आई वळून बघतच राहिली. "तुम्हीपण? अहो, पण तुमच्याकडे गणपती..."

"आमचापण गावी असतो," काकू म्हणाल्या.

आधी त्या दोघी हसल्या आणि मग सगळा हॉल. काकू हसता हसता डोळे पुसत ओरडून सांगत होत्या, "अहो, तुम्ही हळदीकुंकवाला बोलवायचात म्हणून मीपण बोलवायचे! नाही बोलावलं तर तुम्हाला शंका येईल म्हणून!"

"आणि मी तुम्हाला येऊ नये म्हणून!" आई म्हणाली. एकाच जिन्यात राहून, एकाच पंचाईतीपायी या दोन बायका वर्षानुवर्षं एकमेकींच्या कपाळावर कुंकू लावत होत्या आणि दारं लोटून घेत होत्या. मला हसूही आवरेना आणि मनातून भयंकर चीडही आली. कुणाच्या भीतीनं हे सगळं? खुर्च्यांवर बसलेल्या या माणसांच्या, जी आता आमच्याबरोबर खोखो हसत होती?

मग वादाला खरं तोंड फुटलं. लोक उभे राहून बोलायला लागले. कुणी म्हणालं, माझ्या मुलाला चांगले मार्क असून जागा मिळाली नाही, त्याचं काय? आई म्हणाली, त्याचं दुःख खरं आहे, पण त्याची जागा मी खाल्लेली नाही. कुणी चिडलं, कुणी आकडे फेकले, एक गृहस्थ तरातरा निघून गेले आणि आपला मुद्दा राहिला म्हणून परत आले. पण 'ते लोक' हा शब्द एकदाही आला नाही. 'तुम्ही' म्हणत होते, डोळ्यांत बघून. भांडायला का होईना, आम्ही समोरचे झालो होतो.

अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे नवा नियम काढला. परीक्षकांचे गुण नकोत, सभागृहच ठरवेल, हात वर करा. सरकारी नोकरांत चुळबुळ सुरू झाली. आता चिठ्ठीचा आडोसा कुणालाच नव्हता. आम्हा वक्त्यांना मात्र मत द्यायचं नव्हतं. ठरावाच्या बाजूनं हात वर झाले आणि ते पुष्कळ होते. सचिवांनी खुशीत मोजले. मी जिंकणार हे उघडच होतं.

"विरुद्ध?"

आईचा हात वर गेला. काकूंचा, त्यांच्या यजमानांचा. दोन-तीन असे, ज्यांची आम्ही कल्पनाही केली नव्हती. सचिवांच्या बायकोचाही. सचिवांनी तिच्याकडे पाहिलं, ती छताकडे बघत राहिली, आणि त्यांना तो हातही मोजावा लागला. मी मात्र आईच्या शेजारच्या खुर्चीकडे बघत होते. बाबा बुटांवर नजर लावून बसले होते. मग त्यांनी घसा खाकरला, ते उभे राहिले, बाकी सगळ्यांचे हात बसल्या जागीच वर होते, आणि त्यांनी वर्गातल्या मुलासारखा अख्खा हात सरळ वर केला.

सचिवांनी मोजलं, कागदावर आकडा लिहिला. ठराव पास झाला होता. "झालं, मोजलं तुमचं," ते बाबांना म्हणाले. "हात खाली घ्या आता."

"राहू द्या," बाबा म्हणाले. "सगळ्यांना नीट बघू द्या."