बाल्कनीवाली केबिन बायकोच्या नावावर

ट्रॅव्हल एजन्सीच्या मागच्या खोलीत, झेरॉक्स मशीन आणि जुन्या कपाटाच्या मधल्या टेबलाशी बसून एका माणसानं अकरा वर्षं जहाजांवरच्या खोल्या धरून ठेवल्या. स्वतः तो बंदराच्या फाटकापर्यंतसुद्धा कधी गेला नव्हता. ऑफिसात त्याला राखीवराव म्हणत, तेही तोंडावर, आणि त्याला ते आवडे. माणूस कळायला एवढं पुरे.

त्याचं काम थोडक्यात असं. क्रूझची केबिन एकेकट्यानं मागितली तर महाग पडते; एजन्सीनं दीड वर्ष आधी सोळा-वीस केबिन एकगठ्ठा मागितल्या तर जहाजकंपनी भाव पाडते. तेव्हा गिऱ्हाइकांचा पत्ता नसतो आणि कंपनीही विचारत नाही. पण पुढे एक तारीख येते. त्या तारखेला प्रत्येक केबिनपुढे माणसांची नावं आणि जन्मतारखा हव्यात. जिच्यापुढे नाव नाही ती केबिन कंपनी परत घेते. घोडं पेंड खातं ते इथेच, कारण गिऱ्हाइकांना समुद्र आठवतो तो नेमका ती तारीख उलटल्यावर.

राखीवरावानं यावर तोड काढली होती. रिकाम्या केबिनींत तो आपलं खानदान कोंबायचा. सासूबाई, मेहुणा, मेहुणी, शिवाय चुलतसासरे. चुलतसासऱ्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांची काही हरकत नव्हती. गिऱ्हाईक आलं की नातेवाईक खोडायचा आणि गिऱ्हाईक लिहायचा. स्वतःचं नाव मात्र त्यानं चुकूनही कधी घातलं नाही. कंपनीत ते ओळखीचं होतं ना! बाल्कनीवाली केबिन सगळ्यात शेवटी खपते, म्हणून ती कायम बायकोच्या नावावर; काही वर्षी सफरी दोन, म्हणजे नावही दोनदा.

बायको चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. पहिल्या वर्षी तो घरी येऊन म्हणाला, "अगं, तुझ्या नावावर बाल्कनी धरलीय," तर ती बिचारी खरंच हरखली. रुंद काठाची टोपी घेऊन आली, आरशासमोर घालून बघितली. तीन आठवड्यांनी एक दंतवैद्य बाल्कनी मागायला आला आणि टोपी कपाटावर गेली. दुसऱ्या वर्षी तिनं नुसतं "बरं" म्हटलं. तिसऱ्या वर्षापासून राखीवराव सांगेनासा झाला, पण नाव घालणं काही त्यानं सोडलं नाही.

यंदा मात्र आक्रीत घडलं. त्याच दंतवैद्याच्या संघटनेनं सोळाच्या सोळा केबिन तारखेआधी भरल्या. भरलेल्या आठ केबिनींमागे एक माणूस फुकट, असा कंपनीचा नियम. म्हणजे दोन जागा फुकट. दरवर्षी या जागा मालकांचे साडू खात. यंदा साडूंचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, त्यामुळे मालकांच्या अंगात औदार्य संचारलं. "राखीवराव, तुम्ही आणि वहिनी जाऊन या," ते म्हणाले.

घरी बायकोनं पोळपाट धुता धुता ऐकून घेतलं.

"आणि कोणी गिऱ्हाईक आलं की?"

"गिऱ्हाइकाचा संबंधच नाही. ही जागा विकताच येत नाही. तुझी शप्पथ!"

"माझी नको. तुमची घ्या."

त्यानं स्वतःची घेतली. दोन दिवस तिनं विचार केला, मग दुकानात आठ दिवसांची रजा टाकली. लग्नाला पंचवीस वर्षं होत होती आणि इतक्या वर्षांत ही दोघं मिळून बहिणींच्या घरांपलीकडे कुठे गेली नव्हती. ती गुणगुणायला लागली. राखीवरावाला ते ऐकून लाज वाटली, आणि लाज वाटली हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं, कारण पुढे सांगण्यासारखं फारसं काही नाही.

नावं पाठवली. त्याचं मंजूर झालं, तिचं परत आलं.

"सर, या बाईंनी चौदा वेळा बुकिंग करून चौदाही वेळा रद्द केलंय," कंपनीची मुलगी फोनवर गोड आवाजात म्हणाली. "न येणाऱ्या प्रवाशांच्या यादीत आहेत त्या. फुकट जागेवर नाही घेता येणार."

"अहो, तिनं नाही केलं! म्हणजे... ते..."

"मग कोणी केलं, सर?"

राखीवरावानं फोन ठेवून दिला. खोटी नावं देणाऱ्या एजन्सीला तीन वर्षं एकगठ्ठा केबिन मिळत नाहीत, हा नियम त्याला तोंडपाठ होता. मालकांकडे गेला तर ते पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "मला यातलं काही माहीत नाही हं. तुमच्या टेबलाचं काम." अकरा वर्षं याच मालकांनी त्याची पाठ थोपटली होती.

शेवटी कंपनीनंच वाट दाखवली. प्रवासी बाईंनी एक फॉर्म भरावा, प्रत्येक वेळी का रद्द केलं त्याचं कारण लिहावं, खाली सही करून माफी मागावी, विचार करू. दुसरा कोणी असता तर त्याची जीभ अडखळली असती. हा संध्याकाळी फॉर्म घेऊन घरी आला आणि बायकोपुढे ठेवत म्हणाला, "काहीही लिही गं. तब्येत म्हण, पाहुणे म्हण. उद्या पाचपर्यंत द्यायचाय."

"म्हणजे मी आले नाही म्हणून मी माफी मागायची?"

"नुसती पद्धत असते ती."

बायकोनं चष्मा लावला, चौदाही तारखा नीट वाचल्या आणि तासभर बसून फॉर्म भरला. घडी घालून त्याच्या बॅगेत ठेवला. सही केली होती, एवढं त्यानं पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पाठवायच्या आधी त्यानं फॉर्म उघडला. पहिल्या ओळीत कारण होतं, "गिऱ्हाईक आलं." दुसऱ्या ओळीत तेच, तिसऱ्या ओळीत तेच. हे पाठवणं म्हणजे सगळं कबूल करणं, नोकरी जाणार. न पाठवणं म्हणजे ती जाणार नाही. साडेचारही वाजून गेले. पाऊण तास खुर्चीला चिकटून राहिलेल्या माणसाला याचं उत्तर केव्हाच ठाऊक होतं, फक्त ते आपल्याला जड गेलं असं त्याला स्वतःला दाखवायचं होतं. पाचला पाच मिनिटं कमी असताना त्यानं बायकोचं नाव खोडलं आणि तिथे दंतवैद्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांच्या भाच्याचं लिहिलं. कंपनीनं लगेच मंजूर केलं.

मग फॉर्म फाडायला म्हणून त्यानं पुन्हा हातात घेतला. चौदा तारखा कंपनीनं छापलेल्या होत्या. खालच्या कोऱ्या जागेत बायकोनं रेघ मारून पंधरावी ओळ केली होती. त्यात काल संध्याकाळीच, तिच्या त्याच ठाम अक्षरात, आजची तारीख लिहिली होती, आणि पुढे कारण: "नवरा घाबरला."