वन्संनी दिलेला शब्द

माझ्या थोरल्या नणंदबाई सरकारी दुभाषी. निःशस्त्रीकरणाच्या परिषदेत, अणुबॉम्बच्या हल्ल्यात होरपळलेल्या एका परदेशी आजींनी आपल्या देशातर्फे आलेल्या साहेबांना विचारलं, "तुम्ही तुमचे बॉम्ब कधी मोडणार?"

साहेब म्हणाले, "सगळे देश मोडतील, तेव्हा आम्हीही मोडू."

आजींची आखडलेली बोटं बघून वन्संच्या तोंडून त्यांच्या भाषेत निघून गेलं, "लवकरच." आजी साहेबांचा हात धरून रडल्या. साहेब आपले खूश!

"बरंच केलंत की, वन्सं," मी म्हटलं.

"बरं कसलं डोंबलाचं! आजी वारल्या. आता त्यांची लेक भर सभेत सांगणार आहे, या देशानं आईला शब्द दिला होता म्हणून."

मग वन्संनी त्या लेकीलाच फोन लावला. "बाळ, ते साहेब नव्हते बोलले. मी बोलले होते."