मंदाताईंचा लांबलेला कॉल

अन्याय झाला तो मंदाकिनी कोकरे यांच्यावर. मंगळवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, ऐन गाळप हंगामात. तो आमच्या ऑफिसच्या साहेबांनी एकट्यानं केला असं लिहिलं तर खोटं होईल. निम्मा मी केला.

बारामतीतल्या ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये आम्ही दोघी डिस्पॅचर. शेजारशेजारच्या खुर्च्या. डिस्पॅचर म्हणजे फोन उचलणारा माणूस. काय झालंय ते विचारायचं, ठिकाण विचारायचं, जवळची गाडी पाठवायची. स्क्रीनवर गाडीचा नंबर टाकला की कागदोपत्री काम संपलं. मंदाताईंचं तिथून सुरू व्हायचं. "रोडवर माणूस उभा करा," त्या सांगायच्या, आणि ड्रायव्हरला तो माणूस दिसेपर्यंत फोन ठेवायच्या नाहीत.

कारण साधं आहे. आपल्याकडं वस्त्या उसात आहेत. ऊस डोक्याच्या वर गेला की घर दिसत नाही. मॅपवर घर कालव्याच्या अलीकडं दिसतं, प्रत्यक्षात ते पलीकडं असतं, आणि पूल दोन किलोमीटर लांब. उभा माणूस मात्र चुकत नाही.

पण यात त्यांचा एकेक कॉल दहा-दहा मिनिटं चालायचा. तेवढ्या वेळात येणारे फोन आम्हा बाकीच्या डिस्पॅचरांच्या माथी. मी युनियनची पत्रकं लिहायचे. माणसं वाढवा, ही आमची मागणी. ती ठसावी म्हणून मी एक ओळ घातली: "खुर्ची क्रमांक तीनचा एक कॉल दहा मिनिटं, बाकीच्यांनी मरायचं का?" नाव लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती.

मंदाताईंनी पत्रक चहाच्या वेळी सावकाश वाचलं. "शुद्धलेखन चांगलं हाय तुझं," एवढंच म्हणाल्या.

आमचं एकही पत्रक न वाचणाऱ्या साहेबांनी हे नेमकं वाचलं. माणसं वाढवली नाहीत. कॉलला दोन मिनिटांची मर्यादा घातली. वर आम्हालाच ऐकवलं, तुमचीच तक्रार होती.

त्या मंगळवारचा फोन भवानीनगरच्या पुढच्या एका वस्तीवरून होता. फोनवर सून होती. सासऱ्यांच्या छातीत दुखत होतं, घाम फुटला होता. मंदाताईंनी त्यांना टेकून बसवायला सांगितलं, चालवू नको म्हणून बजावलं, गाडी पाठवली. मग म्हणाल्या, रोडवर कुणाला तरी उभं कर.

"घरात कुणी न्हाय ओ ताई. मी आन मामाच हाय."

"शेजारच्या रानात ऊसतोड चालू हाय का?"

"व्हय. टोळी हाय."

"मग बांधावर जा आन त्यातल्या एकाला हाक मार. फोन कानालाच ठेव. मी हाय हितं."

ती निघाली. तिच्या पायाखालच्या पाचटाचा आवाज मंदाताईंना येत होता, असं त्या नंतर म्हणाल्या. तेवढ्यात साहेब मागं येऊन उभे राहिले. स्क्रीनवर लाल पट्टी आली होती, तीन फोन थांबले होते.

"मॅडम, लाइन सोडा."

"साहेब, माणूस उभा न्हाय अजून."

"ड्रायव्हरकडं मॅप आहे." त्यांनी हात पुढं करून कॉल तोडला आणि माझ्याकडं बघितलं. "काय, युनियन? बरोबर ना?"

मी पुढचा फोन उचलला.

मंदाताईंनी लगेच उलटा फोन लावला. एंगेज. ती सून आम्हाला लावत होती. दोघी एकमेकींना फोन लावत राहिल्या, आणि रोडवर माणूस उभा राहिलाच नाही.

गाडी मॅपप्रमाणं गेली आणि कालव्याच्या अलीकडं थांबली. घर समोर, मध्ये पाणी. मागं फिरावं तर रस्त्यावर कारखान्याला निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. गाडी वस्तीवर पोचली तेव्हा सासरे शुद्धीत नव्हते. बारामतीला यायच्या आत गेले. वेळेत पोचली असती तर वाचले असते का? डॉक्टर सांगू शकले नाहीत. मीही सांगणार नाही.

चौकशी झाली. निष्कर्ष एका ओळीचा: डिस्पॅचरनं ठिकाणाची खात्री केली नाही. मंदाताईंना मेमो मिळाला. फोनवरून काढून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, ऑक्सिजनचे सिलिंडर मोजायला. मी नवं पत्रक लिहिते म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "आधीचं माघारी घेता येतंय का बघ." युनियनमध्ये विषय काढला. आपलीच चूक छापायची नाही, असं ठरलं. मी मान डोलावली.

महिन्यानं ती सून ऑफिसात आली. भांडायला नव्हती आली. एकच विचारत होती, त्या ताईंनी मधेच फोन का ठेवला? मी म्हणाले, रेंज गेली असेल.

हे मंदाताईंना कळलं. रविवारी एसटीनं त्या भवानीनगरला गेल्या. सोमवारी माझ्या खुर्चीपाशी आल्या.

"खरं सांगून आले तिला. रेंज न्हवती गेली, साहेबानं तोडला म्हणलं. मी परत लावत हुते, हे बी सांगितलं. तुझं नाव न्हाय घेतलं."

त्या पुन्हा फोनवर कधीच बसल्या नाहीत. या श्रावणात आजारपणात गेल्या. कन्हेरीहून त्यांचा मुलगा त्यांच्या नोकरीचे कागद न्यायला आला. फाइल उघडली तर सगळ्यात वर तो मेमो.

मी शिकले ते एवढंच: कुणाविरुद्ध ओळ छापायच्या आधी तो माणूस काय करतोय ते नीट ऐकावं. मी तर हातभर अंतरावर बसले होते.

युनियनला न विचारता हे लिहितेय. दोन मिनिटांची मर्यादा आजही चालू आहे. तुमच्या वस्तीवरचा फोनही असाच तुटेल. तेव्हा हळहळू नका. पुढच्या ग्रामसभेत उभे राहा, ठराव मांडा: मर्यादा रद्द करा आणि मंदाकिनी कोकरे यांच्यावरचा मेमो मागं घ्या. ठरावाची प्रत आमच्या ऑफिसात स्वतः आणून द्या, आणि सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.