मसाई माराच्या गवतात आप्पा बोलले

आईनं जेवणच सोडलं, तेव्हा कुठं आप्पा केनियाला यायला तयार झाले. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. माझा थोरला भाऊ दत्तादादा फलटणकडच्या साखर कारखान्यातून तिकडच्या कारखान्यात फिटर म्हणून गेला आणि तिथंच जन्मलेल्या हंसा नावाच्या गुजराती मुलीशी घरी न विचारता लग्न करून बसला. फौजेतून निवृत्त झालेल्या आप्पांनी तेव्हापासून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

नैरोबीच्या विमानतळावर दादा आणि वहिनी पाया पडले. आप्पांनी नुसती मान हलवली. पुढं काही सांगायचं झालं की ते आईला सांगायचे आणि आई दादाला.

मसाई माराला पहाटेच निघालो. आधी खंबाटकीहून कितीतरी लांब घाट उतरायचा, मग सपाट खोरं आणि शेवटी नुसती धूळवाट. वाटेत पेट्रोल मिळेलच असं नाही, म्हणून दादानं डबे भरून घेतले होते. वाट हंसावहिनीच्या पायाखालची, त्यामुळं लँडरोव्हर तीच चालवत होती. तिचे थेपले आणि आईनं तिथल्या पांढऱ्या मक्याच्या पिठाच्या थापलेल्या भाकऱ्या, असं जेवण. लाल चादरी पांघरलेले मसाई गुराखी बघून आईला जतकडचे धनगर आठवले.

अभयारण्यात शिरल्यावर मात्र सगळे खिडक्यांना चिकटलो. नजर जाईल तिथवर गवत, आणि त्यात दाढीवाल्या गुरांसारखी विल्डबीस्टं. जिराफ रस्ता ओलांडेपर्यंत आम्ही थांबून राहिलो.

जाणार असाल तर पाऊस टाळा. तिथली माती आपल्या उसाच्या रानासारखी काळी. आदल्या दिवशीच्या सरीनं आमचं मागचं चाक रुतलं. खाली उतरायला सक्त मनाई असते, तरी दादा फांद्या घालायला उतरला. तो वाकला आणि आप्पांनी माझा हात घट्ट धरला. गवतात सिंहीण बसली होती. दादापासून चार-पाच गाड्यांच्या अंतरावर.

आप्पा खिडकीतून हळू आवाजात म्हणाले, "दत्ता, पळू नगंस. डाव्या अंगाला सिंहीण हाय. पाठ दावू नगंस, तसाच मागं ये."

दादा वाकलेला तसाच थबकला. "आप्पा, बगताय न्हवं?"

"बगतोय. तू ये."

तो एकेक पाऊल मागं येत राहिला. सिंहीण उठून उभी राहिली. आप्पांनी दार उघडून त्याच्या सदऱ्याला धरून आत ओढलं आणि दार लावलं. नंतर कितीतरी वेळ त्यांनी तो सदरा सोडला नाही. वहिनी अजून स्टिअरिंगला धरूनच बसली होती. आप्पांनी आपली पाण्याची बाटली पुढं केली. "घे पोरी, पानी पी." आई पदरात तोंड लपवून रडली. सिंहीण आमच्याकडं बघून निघून गेली. दुपार कलल्यावर पहारेकऱ्यांची गाडी आली आणि त्यांनी दोर लावून आम्हाला बाहेर काढलं.

त्या संध्याकाळी मुक्कामाच्या तंबूबाहेर आप्पा दादाला कारखान्याबद्दल विचारत होते. रस किती निघतो, बॉयलर कुठला, मजूर कसे. आई आणि मी आत पडून ऐकत होतो. कधी झोप लागली कळलं नाही.

गावी परत आल्यावर माणसं सिंहाची गोष्ट ऐकायला ओसरीवर जमली. आप्पांनी आधी सगळा रस्ता सांगितला, घाट, खोरं, चिखल. मग म्हणाले, "आन गाडी आमच्या सूनबाईनं चालवली, बरं का."

आत आईनं चहाचं आधण ठेवलं. त्यात साखर अंमळ जास्तच पडली होती.