‘डोंगरी’चा दुसरा अर्थ

आमच्या छापखान्यातल्या सगळ्यात जुन्या कंपोझिटरला सगळे ‘डोंगरीकाका’ म्हणत. खरं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपुस्तकात. डोंगराकडून शहरात येऊन त्यांना तीस वर्षं झाली होती. छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरची उलटी अक्षरं ते सरळ असल्यासारखी भराभर जुळवत, आणि मी, प्रूफं तपासणारी बाई, त्यांच्या कामात खोड काढायला टपून बसे. हाती फारसं काही लागत नसे.

शहरात ‘डोंगरी’ हा शब्द आम्ही सढळ हाताने वापरायचो. विनोद उशिरा कळला, डोंगरी. चहात साखर जास्त पडली, डोंगरी. दार आपटलं, “डोंगरी आहेस का रे?” शेजारी काका बसलेले असले तरी कुणाची जीभ अडखळत नसे. माझीही नाही, आणि हे सांगताना आता लाज वाटते.

मग एका निवृत्त मास्तरांचा शब्दकोश छपाईला आला. ‘ड’पर्यंत सगळं सुरळीत चाललं. तिथे हा शब्द आला: ‘डोंगरी: १. डोंगराळ भागात राहणारा. २. अडाणी, हट्टी.’ काकांनी तो जसाच्या तसा जुळवला. कंपोझिटरने स्वतःच्या मनाने एक अक्षरही बदलायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. शंका असेल तर प्रूफाच्या समासात प्रश्नचिन्ह घालायचं, उत्तर लेखकाने द्यायचं. काकांनी दुसऱ्या अर्थापुढे प्रश्नचिन्ह घातलं.

मास्तरांचा शेरा आला, ‘बरोबर आहे.’ दुसऱ्या प्रूफावर पुन्हा प्रश्नचिन्ह. ‘असेच ठेवा.’ तिसऱ्यावर पुन्हा! मालकांचं डोकं फिरलं.

“मास्तर काम दुसरीकडे नेतील, काका! आता पुरे करा, नाहीतर उद्यापासून घरी बसा.”

काका नुसते हसले आणि चौथ्या प्रूफावरही प्रश्नचिन्ह घातलं. या वयात त्यांना दुसरीकडे कोण ठेवून घेणार होतं?

या खेपेला मास्तर स्वतःच तणतणत आले. “अर्थ चुकलाय का?”

“नाही, मास्तर. शहरात असंच म्हणतात. मी रोज ऐकतो.”

“मग घोडं अडलंय कुठे?”

“कोण म्हणतं, ते लिहिलेलं नाही.”

छापखान्यात एकाएकी सगळ्यांना मान खाली घालून करण्यासारखी कामं सापडली. मास्तर स्टुलावर टेकले. मग त्यांनी विचारलं, “तुम्ही आपसांत हा शब्द कसा वापरता?”

“आमच्याकडे धुक्यात समोरचं माणूस दिसत नाही. दाराशी कुणी आलं की आतून विचारतात, कोण? बाहेरचा नाव सांगत नाही. म्हणतो, डोंगरी.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे दार उघडा. आणि उघडतातच.”

मास्तरांनी पेन काढलं. दुसऱ्या अर्थाआधी लिहिलं, ‘शहरी लोकांच्या तोंडी’. खाली तिसरा अर्थ घातला, ‘दाराबाहेरून दिलेली ओळख, आपलं माणूस’. मग मालकांकडे वळून म्हणाले, “यांना घरी बसवलंत, तर माझा कोश जुळवणार कोण?”

मालक लगबगीने चहा सांगायला गेले.

काकांनी ती ओळ तिथल्या तिथे जुळवली. मी प्रूफ पाहिलं, तर ‘माणूस’मधला ‘मा’ चक्क उलटा! इतक्या वर्षांत त्यांची अशी चूक मी पाहिली नव्हती. मी लाल शाईने गोल केला आणि कागद त्यांच्यापुढे धरला. काकांनी चष्मा काढून पुसला, त्याच फडक्याने डोळेही पुसले.

“शहरात राहून राहून होतं असं, ताई.”